ग्रब पुन्हा पुन्हा का जातो? जुन्या ड्युअल-बूट मशीनचं निदान

एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही असतील (ड्युअल-बूट), तर सुरुवातीला मेनू दाखवून निवडलेली सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, तो ग्रब. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' आलं की बहुतेक जण ठरलेला इलाज करतात. लाइव्ह यूएसबी (ज्यावरून थेट लिनक्स चालतं असा पेनड्राइव्ह) लावायचा, ग्रब पुन्हा बसवायचा, मशीन उठलं की विषय संपला. पहिल्यांदाच झालं असेल तर यात काही वावगं नाही. पण थोड्या दिवसांनी ये रे माझ्या मागल्या होत असेल, तर ग्रबला कोणीतरी दर वेळी पाडतंय, आणि तो कोण हे कळेपर्यंत ग्रब कितीही वेळा बसवला तरी दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असाच प्रकार राहणार. म्हणून पडद्यावर काय आलं हे लिहून ठेवाच, पण त्याच्या आधी काय घडलं होतं हे जास्त नीट आठवा. लिनक्सचं अपडेट? विंडोजचं अपडेट? मशीनचा प्लग बराच काळ काढलेला होता? नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावला? की कशाशीच मेळ लागत नाही? निम्मं निदान इथेच होतं.

एक सोय म्हणून: खालच्या आज्ञा आणि मेसेज उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ते नेहमीच्या रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायचे.

आधी मशीन कोणत्या पद्धतीने बूट होतं ते पाहा

बायॉस म्हणजे मशीन सुरू होताच सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर (फर्मवेअर), आणि यूईएफआय ही त्याची नवी पद्धत. जुनी मशीनं जुन्या, म्हणजे लेगसी बायॉसवर चालतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्या सुमारास यूईएफआय सर्रास झालं. मधल्या काळातल्या मशीनमध्ये दोन्ही पद्धती असतात आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. लिनक्समध्ये '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हे फोल्डर दिसत असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात, नसेल तर लेगसीत. विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवा, 'बायॉस मोड' या ओळीत उत्तर मिळेल. दोन्ही सिस्टिम एकाच पद्धतीत बसलेल्या हव्यात. विंडोज लेगसीत आणि लिनक्स यूईएफआयमध्ये असेल तर ग्रबच्या मेनूतून विंडोज कधीच उठणार नाही. त्यात ग्रबचा दोष नाही, एका पद्धतीतून सुरू झालेला बूटलोडर दुसऱ्या पद्धतीचा बूटलोडर उठवू शकत नाही. लाइव्ह यूएसबी सुरू करतानाही हे सांभाळा. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून आणि एकदा तसाच. चुकीचा निवडलात तर दुरुस्तीही चुकीच्या पद्धतीची होते.

लेगसीत ग्रबचे तीन तुकडे

हे समजून घेतलं की मेसेज वाचता येतात, म्हणून इथे जरा थांबू. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूट कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागांच्या) नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट ठरलेली खूण. ४४६ बाइटमध्ये अख्खा ग्रब मावणं शक्यच नाही. म्हणून तिथे फक्त पहिला तुकडा बसतो. त्याचं काम एकच, दुसऱ्या तुकड्याला मेमरीत आणणं. हा दुसरा तुकडा, म्हणजे 'कोअर', पहिल्या सेक्टरनंतर आणि पहिल्या पार्टिशनच्या आधी जी रिकामी जागा असते तिथे राहतो. तिसरा भाग, म्हणजे मॉड्यूल आणि मेनूची फाइल, लिनक्सच्या पार्टिशनवर '/बूट/ग्रब' मध्ये.

आता मेसेज पाहा. नुसतं 'ग्रब' एवढंच लिहून मशीन गप्प बसलं किंवा 'रीड एरर' आलं, तर पहिला तुकडा चालला पण त्याला कोअर सापडला किंवा वाचता आला नाही. 'ग्रब रेस्क्यू' आलं तर कोअर चालला, पण त्याला '/बूट/ग्रब' सापडलं नाही. रेस्क्यू शब्दाशिवाय साधा 'ग्रब' प्रॉम्प्ट आला तर मॉड्यूलही मिळाले, फक्त मेनूची फाइल नाही. 'सिम्बॉल अमुक नॉट फाउंड' आलं तर कोअर आणि मॉड्यूल वेगवेगळ्या आवृत्तीचे आहेत. हा मेसेज सोन्यासारखा आहे, कारण तो दर वेळी एकाच दिशेला बोट दाखवतो. त्याबद्दल पुढे सविस्तर. आणि 'बूटएमजीआर इज मिसिंग' हा मेसेज ग्रबचा नव्हेच, तो विंडोजकडचा आहे.

रेस्क्यू प्रॉम्प्टवरून त्या वेळेपुरतं मशीन उठवता येतं. 'एलएस' दिलं की पार्टिशनांची यादी येते. मग एकेकाच्या आत डोकवा, 'एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/' असं, शेवटची तिरकी रेघ न विसरता. विंडोजच्या पार्टिशनवर 'अननोन फाइलसिस्टिम' येईल. घाबरू नका, कोअरमध्ये एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत) वाचायची सोय सहसा घातलेलीच नसते. जिथे बूट, होम, ईटीसी अशी फोल्डर दिसतील ते तुमचं लिनक्स. मग:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

'/बूट' साठी वेगळं पार्टिशन असेल तर प्रीफिक्समध्ये फक्त '/ग्रब' लिहायचं. बरेच जण इथे अडकतात आणि डिस्क गेली असं समजतात. 'इन्समॉड नॉर्मल' ला सिम्बॉलची तक्रार आली तर मात्र या मार्गाने जमणार नाही, लाइव्ह यूएसबीच काढावा लागेल.

लाइव्ह यूएसबीवरून करायचं असेल तर लिनक्सचं रूट (मुख्य) पार्टिशन '/एमएनटी' वर माउंट करा, म्हणजे त्या फोल्डरमधून उघडेल असं जोडा. वेगळं '/बूट' असेल तर तेही त्याच्या आत माउंट करा. डेव्ह, प्रॉक आणि सिस ही तीन फोल्डर बाइंड करा, मग 'सीएचरूट /एमएनटी'. आतून 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए' आणि त्यानंतर 'अपडेट-ग्रब'. एसडीए म्हणजे डिस्क. मागे आकडा लावायचा नाही. हा आकडा हे स्वतःच परत परत येणाऱ्या दुखण्याचं एक कारण आहे.

आकडा लावला तर काय होतं

ग्रब डिस्कऐवजी पार्टिशनवर बसवायला गेलात की तो ब्लॉकलिस्टबद्दल इशारा देतो आणि थांबतो. कुठेतरी वाचून लोक 'फोर्स' लावतात आणि काम झालंसं वाटतं. ब्लॉकलिस्ट म्हणजे कोअरची फाइल डिस्कवर नेमक्या कोणत्या सेक्टरमध्ये आहे त्याची यादी. फाइलसिस्टिमने ती फाइल पुढे-मागे हलवली, किंवा अपडेटने ती नव्याने लिहिली, की यादी खोटी पडते आणि मशीन उठत नाही. आज चाललं म्हणून उद्या चालेल याची काहीच हमी नाही.

फोर्सपर्यंत लोक पोहोचतात त्यालाही कारण असतं. विंडोज एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. म्हणजे कोअरसाठी ६२ सेक्टर, साधारण ३१ केबी. ईएक्सटी४ या लिनक्सच्या साध्या फाइलसिस्टिमसाठी तेवढी जागा पुरते. पण '/बूट' एलव्हीएम, रेड किंवा बीटीआरएफएस अशा गुंतागुंतीच्या मांडणीवर असेल तर ते वाचायचं सामानही कोअरमध्येच भरावं लागतं, तो फुगतो, आणि 'एम्बेडिंग एरिया इज अनयूजुअली स्मॉल' अशी तक्रार येते. अशा वेळी फोर्स न लावता ईएक्सटी४ चं छोटं वेगळं '/बूट' करा. पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरवर सरकवणं हाही उपाय आहे, पण ते विंडोजचं असेल तर आधी पूर्ण बॅकअप घ्या. मी तरी नाइलाज झाल्याशिवाय त्या वाटेला जाणार नाही. डिस्क जीपीटी (पार्टिशनच्या नोंदी ठेवायची नवी पद्धत) असून बायॉस लेगसी असेल तर ही रिकामी जागा चालत नाही. तिथे १ एमबीचं 'बायॉस बूट' पार्टिशन हवं, 'बायॉस_ग्रब' असा फ्लॅग लावलेलं आणि फॉरमॅट न केलेलं.

याच जागेवर आणखी एकाचा डोळा असतो. काही महागडे विंडोज प्रोग्रॅम आपल्या परवान्याची खूण तिथल्या एखाद्या सेक्टरमध्ये लिहितात. त्यांच्या हिशेबी ती जागा मोकळीच. ग्रब २ अशा ओळखीच्या खुणा टाळतो आणि बसवताना 'सेक्टर ३२ इज ऑलरेडी इन यूज' असं सांगतोही. विंडोजमधला एखादा ठरावीक प्रोग्रॅम उघडल्यानंतरच ग्रब जातो असं लक्षात आलं, तर संशय इथे घ्या.

लिनक्सच्या अपडेटनंतर जातो

उबुंटू, मिंट, डेबियन वापरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण जुन्या मशीनवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचं हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा याचं उत्तर इन्स्टॉलच्या वेळी पॅकेज लिहून ठेवतं, आणि डिस्कची ओळख तिच्या मॉडेल व सिरियल नंबरावरून ठेवतं. पुढे तुम्ही जुनी हार्ड डिस्क क्लोन करून एसएसडी लावता. मशीन झकास चालतं. पण त्या नोंदीत अजून जुन्याच डिस्कचा नंबर आहे. पुढच्या अपडेटला नवीन मॉड्यूल '/बूट/ग्रब' मध्ये जातात, कोअर मात्र नव्या डिस्कवर लिहिला जात नाही. जुनी डिस्क डेटासाठी तशीच जोडलेली असेल तर तो इमानदारीत तिच्यावर लिहिला जातो, जिथून कोणी बूट करतच नाही. कोअर जुना, मॉड्यूल नवे, की पुढच्या रीबूटला 'सिम्बॉल नॉट फाउंड'. २०२० च्या जुलैमध्ये ग्रबच्या सुरक्षेतली बूटहोल ही त्रुटी जाहीर झाली. तेव्हाच्या अपडेटनंतर 'ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड' असं म्हणत अनेक मशीनं अडकली, ती नेमकी याच कारणाने.

आता तुम्ही लाइव्ह यूएसबीवरून 'ग्रब-इन्स्टॉल' करता, मशीन उठतं. नोंद मात्र तशीच. पुढच्या ग्रब अपडेटला पुन्हा तेच.

नोंद पाहायला 'सुडो डेबकॉन्फ-शो ग्रब-पीसी' द्या आणि 'इन्स्टॉल_डिव्हायसेस' ही ओळ वाचा. तिथलं मॉडेल आणि सिरियल तुमच्या सध्याच्या बूट डिस्कचं आहे का? '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी' मध्ये खरी नावं दिसतात, तिथे ताडून पाहा. जुळत नसेल तर 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी'. आधी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पर्यायांचे प्रश्न येतात, ते एंटर दाबून जाऊ द्या. मग डिस्कची यादी येते. तिथे स्पेसबारने योग्य डिस्कसमोर खूण करा. पार्टिशनही यादीत दिसतात, त्यांना हात लावू नका. आणि खूण न करता नुसतं एंटर दाबलं तर काहीच बसत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आर्चमध्ये पॅकेज अपडेट झालं तरी 'ग्रब-इन्स्टॉल' आपोआप चालत नाही. तिथे ते हाताने करायची सवय लावून घ्यावी लागते.

अपडेटनंतर मेनू येतो पण त्यातून विंडोज गायब झालं, अशीही तक्रार असते. ते गेलेलं नसतं. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवलेला असतो. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ घाला (इथे मात्र बरोबरच्या चिन्हाआधीचं सगळं मोठ्या अक्षरांत) आणि 'अपडेट-ग्रब' चालवा.

प्लग काढून ठेवल्यानंतर जातो

मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी पाहा. नाण्यासारखी, ३ व्होल्टची. ती उतरली की वीज पूर्ण तुटल्यावर बायॉसच्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात आणि त्यातून तऱ्हेतऱ्हेचे बिघाड निघतात. बूट क्रम बदलतो, लेगसीचं यूईएफआय होतं किंवा उलट. सगळ्यात फसवा प्रकार साटाच्या, म्हणजे डिस्कच्या जोडणीच्या, मोडचा. एएचसीआयचं आयडीई झालं की लिनक्स मुकाट्याने उठतं, पण विंडोज निळा पडदा दाखवतं, खाली '०x००००००७बी'. माणूस म्हणतो विंडोज खराब झालं, आणि फॉरमॅट मारायला बसतो. बायॉसमध्ये जाऊन तो एक पर्याय परत एएचसीआय केला की विंडोज पूर्वीसारखं उठतं.

घड्याळावरून बॅटरी ओळखता येते, पण एक फरक ध्यानात ठेवा. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). त्यामुळे एकीकडून दुसरीकडे गेल्यावर वेळ बरोबर टाइमझोनच्या फरकाइतकी चुकली, तर बॅटरी ठणठणीत आहे. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की लिनक्सही स्थानिक वेळ धरतं. तारीखच कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मात्र बॅटरी बदला. बदलण्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. लॅपटॉपमध्ये ती वायर जोडलेली असते आणि कधीकधी कीबोर्डखाली दडलेली असते. मुख्य बॅटरी आधी काढा.

विंडोजच्या अपडेटनंतर जातो

लेगसी मशीनवर नेहमीची मासिक अपडेट्स सहसा ग्रबला धक्का लावत नाहीत. मोठं आवृत्ती-अपग्रेड मात्र कधीकधी रिकव्हरीसाठी नवीन पार्टिशन तयार करतं आणि क्रमांक बदलतात. लॉजिकल पार्टिशनमध्ये तर मधलं एक काढलं तरी पुढच्यांचे क्रमांक सरकतात, सहाचं पाच होतं. कोअरमध्ये जुना क्रमांक असेल तर 'नो सच पार्टिशन'. एकदा ग्रब बसवलात की नवा क्रमांक पक्का होतो. विंडोजच्या दुरुस्ती डिस्कवरून कोणी 'बूटरेक /फिक्सएमबीआर' दिलं असेल तर पहिला तुकडा पुसला जातो, पार्टिशनच्या नोंदी शाबूत राहतात.

यूईएफआयवर प्रकार वेगळा. तिथे 'ईएफआयबूटएमजीआर' चालवून बूट क्रम पाहा. विंडोजने स्वतःला पुढे घेतलं असेल तर 'ईएफआयबूटएमजीआर -ओ' ने क्रम बदला. क्रम बदलूनही पुढच्या बूटला ग्रबची नोंद नाहीशी होत असेल तर फर्मवेअर विसराळू आहे. सुरुवातीच्या काळातल्या काही यूईएफआय मशीनना फक्त विंडोजचा लोडर किंवा ठरलेली 'बूटएक्स६४' ही फाइलच ओळखता येते. अशा मशीनवर 'ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल' वापरा. त्याने ग्रब त्या ठरलेल्या नावानेच बसतो आणि नोंदींची गरजच उरत नाही. डेबियन, उबुंटूवर 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४' रीकॉन्फिगर करताना हाच प्रश्न विचारला जातो. तिथे होकार दिला की पुढच्या अपडेटमध्येही ते सांभाळलं जातं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अपडेटने सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलेच बूटलोडर चालू देणारी सोय) चालू असलेल्या ड्युअल-बूट मशीनवर जुने शिम लोडर (ग्रबच्या आधी चालणारे छोटे, सही केलेले लोडर) नाकारायला सुरुवात केली. 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असा मेसेज असेल तर सिक्युअर बूट तात्पुरता बंद करा, लिनक्स पूर्ण अपडेट करा, मग पुन्हा चालू करून पाहा.

फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की हायबरनेशन आणि तो, दोन्ही जातात. फास्ट स्टार्टअप चालू असला तर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धं झोपतं आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिणं धोक्याचं ठरतं.

कशाशीच मेळ लागत नसेल

पेनड्राइव्ह किंवा कार्ड लावलेलं असतानाच जातो का ते पाहा. काही बायॉस त्यालाच पहिली डिस्क धरतात. तसं नसेल तर 'स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए' चालवा, त्यातून डिस्कची तब्येत कळते. ५, १९७ आणि १९८ या ओळींतले शेवटचे आकडे शून्य नसतील आणि वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले. बूटलोडर सोडा, आधी डेटा काढा. १९९ वाढत असेल तर बहुधा साटाची केबल. केबल बदलणं हा या लेखातला सगळ्यात सोपा उपाय आहे.

फारच जुन्या मशीनवर एक चक्रावणारा प्रकार होतो. काही बायॉसना डिस्कचा १३७ जीबीपलीकडचा भाग वाचता येत नाही. लिनक्स एकदा सुरू झालं की ते स्वतः सगळी डिस्क वाचतं, पण ग्रब बायॉसवर अवलंबून. इन्स्टॉलच्या वेळी कर्नलची फाइल योगायोगाने अलीकडच्या भागात पडली म्हणून मशीन चालत राहतं. मग एखाद्या अपडेटला नवा कर्नल पलीकडे जाऊन पडतो आणि 'अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क'. मेनूतून जुना कर्नल निवडला तर उठतं, नवा निवडला तर नाही. इथे ग्रब पुन्हा बसवून काही होत नाही. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ५०० एमबी ते १ जीबीचं '/बूट' पार्टिशन केलं की प्रश्न कायमचा मिटतो.

सगळं सुरळीत झालं की दोन फाइली पेनड्राइव्हवर ठेवा. 'एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए' चं उत्तर, म्हणजे पार्टिशनांचा नकाशा, आणि 'डीडी' ने घेतलेला डिस्कचा पहिला १ एमबी. परत लिहायची वेळ आली आणि मधल्या काळात पार्टिशन बदललेली असतील तर पहिल्या सेक्टरचे फक्त ४४६ बाइटच लिहा, नाहीतर जुना नकाशा नव्यावर बसेल.

मशीनमध्ये दोन डिस्क लावायची सोय असेल तर मी एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम ठेवायच्या भानगडीत पडत नाही. विंडोजची डिस्क आणि तिचा बूटलोडर वेगळा, लिनक्सची डिस्क आणि तिच्यावरचा ग्रब वेगळा, बायॉसमध्ये लिनक्सची डिस्क पहिली. ग्रब रुसला तरी बूट मेनूच्या कीने विंडोज थेट उठतं. फक्त विंडोज बसवताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवा, कारण त्याचा इन्स्टॉलर आपल्या बूट फाइली कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर नेऊन टाकतो.